अमेरिकेत राहून कॅनडातील फार्मसीकडून औषधे मागवल्यास खरोखर पैसे वाचतात का?

पेटंट असलेल्या ब्रँडेड औषधांवर बहुधा चांगलेच वाचतात, जेनेरिकवर, म्हणजे पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात त्या तशाच औषधांवर, मात्र सहसा नाही. कॅनडात पेटंट औषधांच्या किमती अवाजवी होऊ नयेत म्हणून १९८७ पासून स्वतंत्र मंडळ लक्ष ठेवते, तर अमेरिकेत मूळ किंमत बव्हंशी उत्पादकच ठरवतो. याउलट जेनेरिकमध्ये अमेरिकी कंपन्यांची आपसातील स्पर्धा इतकी तीव्र आहे की तीच गोळी पुष्कळदा अमेरिकेतच स्वस्त पडते, म्हणून आधी डॉक्टरांना जेनेरिक पर्याय विचारावा. कायद्याची बाजू मात्र कच्ची आहे: अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिच्या मते व्यक्तीने परदेशातून औषध मागवणे बहुतेक वेळा बेकायदाच ठरते, आणि स्वतःपुरत्या, साधारण तीन महिन्यांच्या साठ्याकडे अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला तरी ती मेहेरबानी असते, हक्क नव्हे. मागवायचेच ठरले, तर प्रिस्क्रिप्शन न मागणारे संकेतस्थळ तिथेच बंद करावे, फार्मसीचा परवाना संबंधित प्रांताच्या नियामकाकडे पडताळावा आणि पार्सल नेमके कोणत्या देशातून निघणार हे लेखी विचारावे, कारण पानावर कॅनडाचा झेंडा फडकत असतो आणि माल भलतीकडूनच येतो, असे प्रकार उघडकीस आलेले आहेत. इन्सुलिनसारखी थंड ठेवावी लागणारी औषधे टपालाने मागवूच नयेत. मेडिकेअर (अमेरिकेचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असलेल्यांना तर २०२३ पासून विम्यात समाविष्ट असलेल्या प्रत्येक इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत.