सुतकाचा डबा की दुखवट्याचा?

प्रश्न असा आहे: ज्या घरी माणूस गेलं तिथे पिठलं-भात पोचवतात, त्याला 'सुतकाचा डबा' म्हणावं की 'दुखवट्याचा'? आणि गावाकडे त्यालाच 'कडू घास' म्हणतात, तर त्यात कडू काय असतं?

'सुतकाचा' नको. सुतक हे अशौच. ते भावकीला येतं, साधारण दहा दिवस धरतात, मग फिटतं. दुखवटा म्हणजे शोक. तो मित्रालाही असतो आणि सरकारही जाहीर करतं. लता मंगेशकर गेल्या तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. सुतक कुणी जाहीर करत नाही. शिवाय घरात चूल पेटत नाही आणि भावकीतही सुतकच, म्हणून डबा येतो तो बाहेरून: शेजारी, व्याही, मामाकडची माणसं. ज्यांना सुतक नाही त्यांचा डबा सुतकाचा कसा? (जाता जाता, 'सोयरसुतक' मधला 'सोयर' हा सोयरा नव्हे. ते जन्माचं अशौच.)

एक अडचण आहे. 'दुखवटा नेला' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी सोयऱ्यांनी नेलेले कपडे, टॉवेल-टोपी, साडी असं समजतात. म्हणून जेवणाला 'दुखवट्याचा डबा' असं पुरतं म्हणावं.

'कडू घास' चवीला कडू नसतो. स्मशानातून आल्यावर कडुनिंबाचा पाला चावतात, तो खरा कडू. इथे कडू आहे तो प्रसंग.

पदार्थ पिठलंच, कारण ते झटपट होतं, भाजी निवडावी लागत नाही आणि घशाखाली सहज उतरतं. पंधरा माणसांना अर्धा किलो बेसन, दोन लिटर पाणी आणि सव्वा किलो तांदूळ पुरतात. अशा दिवशी कुणी पोटभर जेवत नाही. पीठ आधी गार पाण्यात कालवावं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ राहतं आणि गुठळ्या होतात. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत राहावं, नाहीतर तळाला लागतं आणि कच्चट वास राहतो. डबा पोचेपर्यंत पिठलं घट्ट होतं, म्हणून उतरवताना पळीवाढंच ठेवावं. काही घरांत अशा दिवशी फोडणी चालत नाही, हळदही नाही. आधी विचारून घ्यावं. मग पिठल्यात मीठ, ठेचलेली मिरची आणि जिरं एवढंच.

याच्या दुसऱ्या टोकाला 'गोड जेवण'. सुतक फिटल्यावर, बहुधा तेराव्याला, घरात पुन्हा गोडधोड होतं ते. 'तोंड गोड करणे' मात्र आनंदाच्या बातमीचं. निरोप देताना या दोन्हींची गल्लत होते. 'तेराव्याला तोंड गोड करायला या' असं कुणाला लिहू नये. 'गोड जेवणाला या' चालतं.