पाऊस ओसरताना: बागेविषयी वाचकांचे प्रश्न

गणेशविसर्जन झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक पत्रे झाडे कुजत असल्याच्या तक्रारीची असतात. आता छाटणी कोणत्या तारखेला करावी, खत कधी घालावे, अशी विचारणा सुरू होते. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे दरवर्षी सारखी बरसत नाहीत, त्यामुळे पुढील उत्तरांत तारखेपेक्षा वाफशाचा उल्लेख अधिक वेळा येईल. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा होतो, बोटांतून पाणी येत नाही आणि तोच गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटतो, तेव्हा जमीन वाफशावर आली असे समजावे. पाऊस उघडल्यानंतर काळ्या जमिनीत ही अवस्था येण्यास आठवडाही लागू शकतो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी त्याहून पुष्कळ लवकर निचरते.

प्रश्न: आमच्या बंगल्यासमोर सुमारे सहाशे चौरस फुटांवर मेक्सिकन गवताची हिरवळ आहे. जमीन काळी आहे. यंदाच्या पावसात जागोजागी पिवळे चट्टे पडले, भिंतीलगत शेवाळ आले आणि लव्हाळा फार माजला. सारे गवत जमिनीलगत कापून, वर लाल माती पसरून युरिया द्यावा, असे आमच्या माळ्याचे म्हणणे आहे. तसे करावे का? (पुणे)

उत्तर: तसे करू नये, निदान या क्रमाने तर नक्कीच करू नये. प्रथम चट्ट्यांचे कारण शोधावे. पिवळ्या पडलेल्या जागेतील गवत मुठीत धरून वर ओढावे. ते सतरंजीसारखे सहज उचलले गेले आणि खाली मुळेच नसली, तर हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीचा संशय घ्यावा आणि चार-पाच इंच खोल उकरून पाहावे. पांढुरक्या अंगाच्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेल्या अळ्या सापडल्यास संशय खरा ठरतो. हुमणीचे भुंगे पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून बाहेर येतात, रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने खातात आणि मातीत अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत खादाड अवस्थेत असतात. दिसतील तितक्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चाळलेल्या शेणखतात मिसळून सायंकाळी ओल्या जमिनीवर पसरावी. तिला ओल लागते, म्हणून हे काम मात्र वाफशाची वाट न पाहता आताच करण्याचे आहे. ही बुरशी हळूहळू काम करते, आणि तिच्या आगेमागे जमिनीत बुरशीनाशक ओतले तर सारे श्रम वाया जातात. खरा बंदोबस्त पुढील जूनमध्ये, अंगणातल्या कडुनिंबाच्या फांद्या रात्री हलवून भुंगे गोळा करण्यात आहे.

गवत ओढूनही उचलले गेले नाही, तर दोष साचलेल्या पाण्याचा आणि घट्ट झालेल्या जमिनीचा असतो. अशा वेळी जमीन वाफशावर आल्यावर काटेरी फावड्याने वीतभर अंतरावर, चार इंच खोल भोके पाडावीत आणि त्यांत जाडी वाळू व चाळलेले कंपोस्ट झाडूने लोटावे. चिखलात हे काम केल्यास भोकांच्या कडा गुळगुळीत होऊन उलट अधिक घट्ट बसतात. भोके भरल्यानंतर उरलेल्या मिश्रणाचा थर इतका पातळ असावा की गवताची टोके वर दिसत राहतील.

माळीबुवांना जमीन दिसेपर्यंत गवत कापण्यात एक वेगळेच समाधान वाटते, हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की एका कापणीत पात्याच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये. पावसात वाढलेले गवत खाली कापले की पिवळ्या, वाळक्या कांड्यांचा थर उघडा पडतो आणि त्यानंतर लगेच ऑक्टोबरचे ऊन येते. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन कापण्यांत उंची कमी करावी. तीही पाती कोरडी असताना, यंत्राला धार लावून.

युरियात 46 टक्के नत्र असते. पाऊस चालू असताना दिल्यास त्यातला बराचसा वाहून जातो. पाऊस थांबल्यावर, भोके भरून झाल्यावर, दर चौरस मीटरला फार तर 10 ग्रॅम याप्रमाणे, म्हणजे आपल्या हिरवळीला साधारण अर्धा किलो, कोरड्या पात्यांवर समान फेकून लगेच भरपूर पाणी द्यावे. डिसेंबरमध्ये रात्री गार झाल्या की या गवताची वाढ मंदावते, त्यामुळे चट्टे भरून येण्यास ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हेच महिने हाताशी आहेत.

लव्हाळ्याच्या बाबतीत धीर धरण्यावाचून गत्यंतर नाही. वरची पाती कापल्याने तो मरत नाही, कारण जमिनीखाली त्याच्या गाठींची साखळी असते आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब फुटू शकतो. आता माती मऊ आहे तोवर खुरप्याने गाठीसकट काढावा आणि नवे कोंब दिसताच पुन्हा काढावा. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. याच कारणाने बाहेरून आणलेल्या लाल मातीला माझा विरोध आहे: पुष्कळ हिरवळींत लव्हाळा शिरतो तो विकतच्या मातीतूनच. शेवाळाला औषध मारण्याची गरज नाही. सावलीमुळे आणि ओलीमुळे गवत विरळ झाले म्हणून तेथे शेवाळ आले. भिंतीलगत ऊन येतच नसेल, तर त्या पट्ट्यात गवताचा हट्ट सोडून नेचे लावावेत.

प्रश्न: माझ्याकडे वीस-पंचवीस गुलाब आहेत. दसऱ्याला छाटणी करण्याची आमच्या घरची पद्धत आहे, परंतु अलीकडे दसऱ्यातही पाऊस असतो. छाटलेल्या फांद्या वरून काळ्या पडत खाली वाळत जातात. (नाशिक)

उत्तर: दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो, कधी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, त्यामुळे त्या मुहूर्तावर हंगाम अवलंबून ठेवता येत नाही. सलग पाच-सहा दिवस कोरडे गेले आणि आकाश मोकळे राहिले की छाटणीस हरकत नाही. आपण वर्णन केलेला रोग ओल्या हवेत कापाच्या जखमेतून शिरतो, म्हणून पावसात केलेली छाटणी त्याला आमंत्रणच ठरते.

मोठ्या फुलांच्या जातींवर चार ते सहा निरोगी, जाड फांद्या ठेवून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटाव्यात. काप बाहेरच्या दिशेने पाहणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागेच्या, किंचित वर आणि तिरपा असावा. काळी पडलेली फांदी आतून पांढरा-हिरवा गाभा दिसेपर्यंत खाली कापावी, आणि प्रत्येक रोगट फांदीनंतर कात्री स्पिरिटने पुसावी. कलमाच्या जोडाखालून निघालेले खुंटाचे फुटवे वर कापू नयेत. माती बाजूला करून मुळाशीच उपटावेत. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावावा. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून, एकत्र करून एकूण एक लिटर पाण्यात मिश्रण तयार करावे. लोखंडी भांडे वापरू नये.

छाटणीनंतर आळे खोल उकरून मुळे आठवडाभर उघडी ठेवण्याची जुनी पद्धत अनेक घरांत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात मी ती सुचवत नाही; वरची दोन बोटे माती सैल करून कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळणे पुरेसे आहे. छाटणीपासून साधारण सहा ते सात आठवड्यांनी फुले येतात. वेली गुलाबांना मात्र ही छाटणी लागू नाही. त्यांच्या वाळक्या आणि गुंतलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

प्रश्न: परसात हापूसची दोन जुनी झाडे आहेत. पाऊस गेला की आम्ही त्यांना रोज पाणी देतो, तरी मोहोर कमी येतो. एका झाडावर बांडगूळही दिसते आहे. (रत्नागिरी)

उत्तर: पाणी देता म्हणूनच मोहोर कमी येत असावा. फळे देणाऱ्या आंब्याला पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल कमी होण्याचा आणि रात्रीच्या गारव्याचा काळ मिळाला, तर काडी पक्व होऊन मोहोराकडे वळते. त्या वेळी पाणी किंवा नत्रखत मिळाले की झाड पालवीत रमते. म्हणून पाऊस संपल्यापासून मोठ्या झाडांचे पाणी बंद ठेवावे आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावर ते सुरू करावे. तीन-चार वर्षांच्या आतील कलमांना हा नियम लावू नये. त्यांना पाणी हवेच. परसात नारळही असेल, तर त्याचे पाणी पाटाने आंब्याच्या आळ्यात जात नाही ना, एवढे पाहावे. पुष्कळ ठिकाणी दोष तेथेच सापडतो.

बांडगूळ फळे धरण्यापूर्वी काढावे. त्याची चिकट फळे फुलटोच्या पक्षी खातो आणि बी दुसऱ्या फांदीवर पुसतो, त्यामुळे एका झाडावरचे बांडगूळ शेजारच्या बागेचाही प्रश्न होतो. केवळ पाने ओरबाडून उपयोग नाही. ज्या फुगीर जागी त्याने मूळ रोवले आहे, तिच्या खाली वीतभर अंतरावर फांदी कापावी आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी.

प्रश्न: बाल्कनीत पेटुनिया आणि मेथी-कोथिंबीर आता पेरली तर चालेल का? (डोंबिवली)

उत्तर: मेथी खुशाल पेरावी. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन भाग करून घ्यावेत. मात्र उन्हाच्या तडाख्यात ती लवकर फुलावर येते, म्हणून ऑक्टोबर सरता सरता पेरलेली अधिक दिवस टिकते. पेटुनियाचे बी धुळीइतके बारीक असते. ते बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसते पसरावे, वर माती टाकू नये, आणि पाणी झारीने न घालता कुंडी परातीतल्या पाण्यात ठेवून खालून शोषू द्यावे. कोवळी रोपे बुडाशी कोलमडू लागली, तर दोष बहुधा अतिपाण्याचाच असतो.

प्रश्न: मी नियमाने हे सदर वाचतो आणि त्याप्रमाणे एप्रिलमध्ये हिरवळीत नवे बी टाकतो, पण जुलैपर्यंत सारे करपते. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: तिकडचे गवत येथल्या गवतापेक्षा निराळ्या प्रकृतीचे आहे. हरळी किंवा मेक्सिकन गवत उष्णतेत वाढते. न्यू जर्सीतील टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही गारव्यात वाढणारी गवते आहेत. एप्रिलच्या रोपांना मुळे खोल जाण्याआधीच उन्हाळा गाठतो आणि क्रॅबग्रास या तणाशी स्पर्धाही करावी लागते. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पेरलेल्या बियाला उबदार माती, गार हवा आणि पुढे सबंध शरद व वसंत मिळतो, म्हणून तोच काळ धरावा. गवत आखूड कापून, वाळका थर दाताळ्याने ओढून, मातीच्या नळ्या उपसणाऱ्या यंत्राने भोके पाडून मग बी टाकावे. फेस्क्यू साधारण आठवडा-दहा दिवसांत उगवते. ब्लूग्रासला दोन ते तीन आठवडे लागतात, तोपर्यंत रोज हलके पाणी द्यावे. तण उगवू न देणारे औषध याच वेळी टाकल्यास आपले बीही उगवणार नाही.

खताच्या बाबतीत राज्याचा कायदा पाळावा लागतो. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकांना हिरवळीवर खत घालण्यास मनाई आहे, आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेले खत नवी हिरवळ करताना वा दुरुस्त करताना, अन्यथा माती परीक्षणात गरज दिसली तरच वापरता येते. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे परीक्षण करून मिळते. ऑक्टोबरअखेरीस मेपल-ओकची पाने पडू लागली की ती नव्या गवतावर साचू देऊ नयेत. पाने थोडी असतील तर कापणीयंत्र त्यांवरून दोनदा फिरवून बारीक तुकडे तेथेच राहू द्यावेत, आणि गवत झाकले जाण्याइतकी झाली तर उचलून कंपोस्टमध्ये टाकावीत.