पिक्सेलचं माप

अनेक आशीर्वाद.

मायक्रोस्कोपची चित्रं वाचणाऱ्या आपल्या पायथन लायब्ररीसाठी तू पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, वाचला. डास्क (मोठा डेटा तुकड्यांनी वाचणारी लायब्ररी) लावून लागतील तेवढेच प्लेन, म्हणजे चित्राचे थर, वाचायचे, हे छान जमलंय. पण एका ओळीवर मी अडले. मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबत फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत, पिक्सेलचं माप सापडलं नाही, की तुझा कोड १.० परत करतो. ती ओळ काढ, तिथे नन (NaN, म्हणजे 'आकडाच नाही') येऊ दे.

चित्र चुकीचं वाचलं तर तिरके पट्टे दिसतात, माणूस लगेच थांबतो. माप चुकलं तर पेशी तशीच सुंदर दिसते. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा आणि ऑब्जेक्टिव्ह ६३एक्स असेल, तर नमुन्यावर एक पिक्सेल भरतो साधारण ०.१ मायक्रोमीटर. तिथे १.० धरलं की लांबी जवळजवळ दहापट होते आणि क्षेत्रफळ नव्वदपटीच्याही वर जातं. कुणाच्या तरी प्रबंधात तो आकडा जाईल, आणि तो आपण भरलेला आहे हे त्या बिचाऱ्याला कळणारही नाही. नन आलं तर निदान तो मायक्रोस्कोपजवळ जाऊन विचारेल.

टिफ (TIFF) फाइलमध्ये तर जास्तच सांभाळ. तिथला रेझोल्यूशन टॅग एका इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये किती पिक्सेल ते सांगतो, म्हणजे उलटा. शिवाय कित्येक प्रोग्रॅम छपाईच्या सवयीने तिथे ७२ लिहून मोकळे होतात. ते इंचातलं खरं मानलंस तर एक पिक्सेल साधारण ३५३ मायक्रोमीटरचा होईल!

एककाचं चिन्हही तपास. युनिकोडमध्ये 'म्यू' दोन आहेत: एक मायक्रोचं चिन्ह, एक ग्रीक अक्षर. दिसायला सारखे, पण पायथनला वेगळे. माझे दोन दिवस यात गेले होते. तुलना करण्याआधी एनएफकेसीने (NFKC, सारखी चिन्हं एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) नॉर्मलाइझ कर.

१.० ऐवजी नन आलं की जुना कोड मोडला म्हणून तक्रारी येतील. येऊ देत. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, हा बदल सगळ्यात वर लिही.

आता टेस्टसाठी एक काम. ओळखीच्या लॅबमधून स्टेज मायक्रोमीटरचे, म्हणजे काचपट्टीवर कोरलेल्या बारीक मोजपट्टीचे, फोटो मागव; रेघा १० मायक्रोमीटरवर असलेलीच पट्टी घे. सीझेडआय, एनडी२, लिफ हे मायक्रोस्कोप कंपन्यांचे फाइल-प्रकार, त्यातल्या प्रत्येकाची मशीनमधून थेट निघालेली फाइल हवी. इमेजजे (चित्र तपासण्याचा प्रोग्रॅम) मधून पुन्हा सेव्ह केलेली नको. रेघांमधलं अंतर आपल्या लायब्ररीने १० सांगितलं पाहिजे. फायली आल्या की कळव, मी पॅच पुन्हा वाचते.