हाताचा मळ आणि अकरा लाखांच्या पावत्या

प्रश्न : मी 44 वर्षांची. तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी बारावीला. माझे वडील प्राथमिक शिक्षक, माळकरी. ‘पैसा हा हाताचा मळ’ असं म्हणायचे आणि वागायचेही तसंच. पगार झाला की अडल्यानडल्याला वाटून मोकळे. महिनाअखेरीला आई शेजारी वाटी घेऊन जायची. मला सोबत न्यायची, कारण एकटीला लाज वाटायची. वडील गेले तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. मला त्यांचा अभिमान आहे, आणि साधी राहणी हेच माझंही मूल्य आहे असं मी मानते.

पण घरात माझं नाव ‘चिकट’ पडलंय. ह्यांना 8 लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यायची आहे, 7 वर्षं, 9 टक्के. नणंदेकडे कार्याला मोटारसायकलवरून जाणं बरं दिसत नाही म्हणतात. मी ‘नाही’वर ठाम आहे. कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करते म्हणून मुलगी बाजारात माझ्यासोबत येत नाही. आणि दुसरीकडे, आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलीची नर्सिंगची फी मीच भरते, त्याचा हिशेबही ठेवलेला नाही. मी नक्की कशी आहे हेच मला कळेनासं झालंय. वडिलांसारखं उदार व्हावं की सावध राहावं? माझ्या नावावर 11 लाखांच्या ठेवी आहेत. ह्यांना त्याची कल्पना नाही.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र बरंच मोठं होतं, इथं कापून दिलंय. मूल्यांवर पानंच्या पानं आणि अकरा लाखांवर अगदी शेवटी दोन ओळी. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे माझी नजर आधी त्या दोन ओळींवरच थांबली.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरचे आठवडे आठवा. आमच्या शाखेत बायका नोटा घेऊन यायच्या. डाळीच्या डब्यातल्या, देव्हाऱ्याखालच्या, लग्नातल्या शालूच्या घडीतल्या. काही नोटांना हळदीचा वास यायचा. काउंटरवर वाकून म्हणायच्या, ‘मॅडम, मालकांना कळू देऊ नका.’ स्लिप भरून देताना मी सहज विचारायची, कशासाठी साठवले होते? एखादी म्हणायची, काशीला जायचं होतं. एखादी म्हणायची, लेकीचं डी.एड. करायचं होतं. आणि पुष्कळ जणी नुसत्याच म्हणायच्या, ‘असू द्यावेत जवळ.’

तुमचे अकरा लाख ‘असू द्यावेत जवळ’ या खात्यातले आहेत. ते कुणी साठवले हेही तुम्हीच लिहिलंय : वाटी घेऊन आईच्या मागं उभ्या राहणाऱ्या मुलीनं. तिला मी नावं ठेवणार नाही. तिनं योग्यच केलं. फक्त त्याला साधी राहणी म्हणू नका. साधं राहणाऱ्याला पावत्या लपवाव्या लागत नाहीत. ती भीती आहे. खरी आणि सकारण भीती, पण भीतीच.

आता वडिलांचं. तुकोबांची गोष्ट तुमच्या घरात शंभरदा झाली असेल. घरात सावकारी होती. दुष्काळानंतर विरक्ती आली तेव्हा लोकांकडून लिहून घेतलेली कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात एवढंच ठासून सांगतात. त्यातला मला आवडणारा बारकावा घाईत निघून जातो : सोडली ती अर्धीच. उरलेली अर्धी धाकट्या भावाची, कान्होबाची, म्हणून आधी वेगळी काढून त्याच्या हाती दिली. स्वतःच्या वैराग्याची किंमत त्यांनी भावाला मोजायला लावली नाही. (आवलीचा हिस्सा मात्र कुणी वेगळा काढल्याचं ऐकिवात नाही. तिनं काय सोसलं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तरी तिला कजाग म्हणायची पद्धत आहे.)

तुमचे वडील मोठ्या मनाचे होते, यात वाद नाही. पण ते आईचाही हिस्सा वाटत होते. वाटी घेऊन त्यांना जावं लागलं नाही. तेव्हा ‘वडिलांसारखं व्हावं का’ याचं माझं उत्तर : देण्यात जरूर व्हा, पण आपल्या हिश्शातून.

आणि ते तुम्ही करताच आहात. नर्सिंगची फी. कोथिंबिरीला पाच रुपयांसाठी अडणारी बाई तिथं हिशेब ठेवत नाही. माणसाचं मूल्य कुठलं, हे मला खातेउताऱ्यावरून जितकं कळलं तितकं बोलण्यातून कधी कळलं नाही. तुमच्या उताऱ्यावर एक मुलगी शिकताना दिसते. पुढच्या वेळी ठेव नूतनीकरणाला जाल तेव्हा त्यातली दीड-दोन लाखांची एक पावती वेगळी करा आणि मनाशी ठरवा, ही शिक्षणाची : तुमच्या लेकीचं, तिच्या मैत्रिणीचं, त्या नर्सिंगवालीचं. मग लागेल तेव्हा मोडताना पोटात गोळा येणार नाही. कोथिंबिरीचं म्हणाल तर घासाघीस सोडा. जुडी विकणारीही बाईच असते, आणि तिच्याही घरात डबा असतो.

यजमानांना सांगायचं का? हो. गाडीवरून वाजलेलं असेल त्या दिवशी मात्र नको, नाहीतर उद्या शोरूममध्येच जाल. आणि सांगणं म्हणजे नावावर करून देणं नव्हे. नोकरी करणाऱ्या बाईचे पैसे तिच्या एकटीच्या नावावर असावेत, यावर मी आजही ठाम आहे. पण ठेव आहे हे घरात एका तरी माणसाला माहीत हवं आणि वारस (नॉमिनी) म्हणून नाव लावलेलं हवं. माणूस अचानक जातं आणि पावत्या कपाटातल्या कागदाखाली राहतात, हे मी फार पाहिलंय. 10 वर्षं कुणी विचारायला आलं नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. पुढं वारसाला मागता येते, पण मागणार कोण, कुणाला माहीतच नसेल तर?

गाडी. नणंदेच्या दारात मोटारसायकलवरून उतरायची लाज वाटते, याला हसू नका. तुमच्या आईला वाटीची लाज वाटायची, यजमानांना दुचाकीची वाटते. लाज ती लाजच. पण आकडाही समोर ठेवा : 8 लाख, 7 वर्षं, 9 टक्के म्हणजे महिना जवळपास 12,870 रुपये, आणि सगळं मिळून व्याज 2 लाख 81 हजार. हा हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून जाणार की तुमच्या पगारातून, हे आधी कागदावर येऊ द्या. दुकानाला खेड्यापाड्यातल्या मोटारी आणायला-पोचवायला चारचाकी लागत असेल तर वापरलेली, निम्म्या किमतीची गाडी बघा, आणि त्यातले निम्मे पैसे कर्ज न काढता द्या. त्यांचं मन राहील. तुमचंही फार मोडणार नाही.

‘मी नक्की कशी आहे’ याचा शोध तूर्त बाजूला ठेवा. शनिवारी बँकेत जाऊन वारसाचा अर्ज भरा. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून.

प्रश्न : गावातल्या पतसंस्थेत 10 टक्के व्याज मिळतं. संचालक ओळखीचे आहेत, आणि गावचा पैसा गावात राहावा हे मला तत्त्व म्हणून पटतं. निवृत्तीचे 14 लाख तिथं ठेवू का?
— निवृत्त एस.टी. कर्मचारी

उत्तर : तत्त्व चांगलं आहे, रक्कम चुकीची आहे. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था त्यात येत नाही. गावावरच्या प्रेमापोटी ठेवायचेच असतील तर ते बुडाले तरी तुमची औषधं बंद पडणार नाहीत, इतकेच ठेवा. बाकीचे दोन-तीन बँकांत विभागून, ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजानं. आणि पतसंस्थेत जे ठेवाल त्याची छापील, सही-शिक्क्याची पावती घ्या. पिग्मीवाल्याच्या डायरीतली नोंद म्हणजे पावती नव्हे, तो कितीही ओळखीचा असला तरी.