पहिल्यांदाच परदेशी प्राध्यापक बोलावताय? एवढं सांभाळा

भाऊ, टेन्शन नको घेऊ, तालुक्याच्या कॉलेजातही हे मस्त जमतं. सगळ्यात आधी व्हिसा बघ. गावात फिरून शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर रिसर्च व्हिसाच पाहिजे, टुरिस्ट व्हिसावर बोलावू नको, बहुतेक जण इथंच चुकतात.

दुसरं, पाहुणा मुक्कामी आला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, कॉलेजचं गेस्टहाऊस असलं तरी, अन् त्या नोंदीसाठी कॉलेजचं लॉगिन आधीच काढून ठेव नाही तर ऐन वेळी धावपळ होते.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलीच धर. मे महिन्यात आपल्याकडं विदर्भात पारा 45 च्या वर जातो.

अन् पहिला दिवस मोकळा सोड. आम्ही एका मॅडमना नागपूर विमानतळावरून थेट सत्काराला नेलं, शाल, श्रीफळ, भाषणांवर भाषणं, त्या बिचाऱ्या हातात नारळ धरून बसल्या बसल्या झोपून गेल्या, मला आजही वाईट वाटतं. त्याच मॅडम तिसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायांसोबत धुऱ्यावर बसून भाकर अन् ठेचा खात दोन तास बोलत होत्या. अशा वेळी पोरांना सोबत पाठव, इंग्रजी कच्चं असलं तरी पाठवच.

एमओयूचं, म्हणजे दोन संस्थांमधल्या लेखी कराराचं, नंतर बघू.