१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या दैवी आहे असा मेसेज आला, यात तथ्य आहे का? आणि ती मूळ संख्या आहे का?

मूळ संख्या नाही. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग आहे, आणि वर्ग कधी मूळ नसतो.

दैवी म्हणाल, तर चौकटीच्या वहीत गुणाकार मांडून बघा. पाढा लागतच नाही. तीच ओळ नऊ वेळा उतरवायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या घरात एकच १, मग दोन, मग तीन, असं चढत चढत नवव्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एकावर. कुठेच हातचा येत नाही, सगळी गंमत तेवढ्यात आहे.

मी नाशिकरोडला आठवी-नववीचे क्लास घेतो. हे फळ्यावर मांडलं की कोणीतरी विचारतंच, "सर, दहा एक घेतले तर?" घ्या की! उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा झाले, त्याचा हातचा शेजारच्या नवाला मिळून तिथेही दहा, तो हातचा पुढच्या आठाला. म्हणून चढत्या बाजूचा आठ गायब आणि मध्ये दोन शून्यं.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, आणि हे नाव देणारे आमच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६). हो, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले तेच. कल्पना सुचली ते स्टेशन डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली, म्हणून हे नाव.

मेसेजमध्ये बहुधा असंही असेल की अंकांची बेरीज ८१, पुन्हा बेरीज केली की ९. त्यात काही नाही. नवाच्या कुठल्याही पटीत शेवटी ९ च उरतो. त्यापेक्षा हे बघा: ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हेही नाव कापरेकरांचंच. पूर्ण अवयव हवे असतील तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, त्यामुळे आपल्या संख्येचे एकूण विभाजक भरतात ४५.

पडताळा मात्र एक्सेलमध्ये घेऊ नका. ते पंधराच अंक धरतं, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसतात. ती ०० वाली संख्या तर वर्गसुद्धा नाही: १०० हा स्वतः वर्ग आहे, त्याने भागलं की भागाकाराच्या शेवटी ३ येतो, आणि कुठल्याही पूर्ण वर्गाचा एककाचा अंक ३ नसतो.