प्राचीन अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या युद्धांमागे खरोखर धर्म होता, की धर्म हा केवळ बहाणा होता?

आपल्या प्रश्नातील ‘केवळ बहाणा’ हे शब्द वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत हेच शब्द मी ऐकून घेतले होते. माझा प्रबंध मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांवर होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो न उघडताच बाजूला सारला आणि म्हणाले, “त्यांना खंडणी हवी होती, म्हणून ते लढले. देव हा केवळ बहाणा.”

पुढे नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहणे झाले, तेव्हा पहिल्याच रविवारी मी टेंप्लो मायोर, म्हणजे अझ्टेकांच्या महामंदिराच्या संग्रहालयात कोयोल्शाउकीची शिळा पाहायला गेले. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदकामात सापडलेली ही गोल शिळा सव्वातीन मीटर रुंद आहे. तिच्यावर देवीचे मुंडके आणि हातपाय धडापासून तुटलेले दिसतात. गालावर घुंगरू आहेत आणि पोटावर बाळंतिणीसारख्या वळ्या आहेत. युद्धदेव हुइट्सिलोपोच्त्ली याने या आपल्या बहिणीला मारून डोंगरावरून खाली लोटले, अशी कथा आहे. ही शिळा त्याच्याच देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी होती आणि बळी दिलेल्या युद्धकैद्यांची प्रेते त्याच पायऱ्यांवरून खाली येत. प्रत्येक बळीबरोबर ती कथा पुन्हा घडवली जात होती. जे लोक आपल्या मुख्य मंदिराची रचनाच या कथेवर बेततात, त्यांच्या श्रद्धेला बहाणा म्हणणे मला मान्य नाही.

खंडणी खोटी होती असे मी म्हणत नाही. १४२८ च्या सुमारास अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान आणि शेजारची तेश्कोको व त्लाकोपान ही शहरे यांची युती झाली आणि जिंकलेल्या प्रदेशांतून मका, कापड, कोको, पिसे यांचा ओघ सुरू झाला. परंतु लढायचे कसे, हे धर्माने ठरवले होते. शत्रूला रणात मारण्यापेक्षा जिवंत धरण्याला मान होता, पकडलेल्या कैद्यांच्या संख्येवर योद्ध्याचा पोशाख आणि दर्जा ठरे, आणि त्लाश्कालासारख्या शेजारी राज्यांशी ठरवून होणाऱ्या ‘फुलांच्या युद्धां’त कैदी मिळवणे हा एक उघड हेतू असे. अझ्टेक राजा तिसोकच्या शिळेवर पंधरा जोड्या कोरल्या आहेत आणि प्रत्येक जोडीत विजेत्याने पराभूताचे केस मुठीत धरले आहेत.

अर्थात, अझ्टेक म्हणजे सगळे मूळ रहिवासी नव्हेत, आणि यातील बराचसा लेखी वृत्तान्त १५२१ मध्ये स्पॅनिशांनी केलेल्या अझ्टेकांच्या पाडावानंतर स्पॅनिश धर्मगुरूंच्या हाताखालून आलेला आहे. १४८७ मध्ये याच महामंदिराच्या सोहळ्यात ८०,४०० बळी दिल्याचा आकडा मी स्वतः मानत नाही.

तरीही आपल्याला कोणी ‘बहाणा’ म्हणून गप्प करू पाहिले, तर त्यांना एवढेच विचारा: खंडणी तर शत्रूला जागीच ठार मारूनही वसूल झाली असती, मग स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला केस धरून जिवंत का आणायचे? त्या दिवशी परीक्षकांपुढे मला हा प्रश्न सुचला नव्हता.